पक्षाघातावरील शस्त्रक्रिया व कॅथेटर उपचार : उपयुक्तता, मर्यादा आणि नियंत्रित चाचण्यांची साक्ष

सारांश :
मेंदूचा रक्तपुरवठा खंडित झाल्याने अथवा मेंदूत रक्तस्राव झाल्याने होणाऱ्या पक्षाघातावर गेल्या सात दशकांत अनेक शस्त्रक्रिया व कॅथेटरद्वारे करावयाचे उपचार विकसित झाले. त्यांपैकी काही नियंत्रित चाचण्यांच्या कसोटीस उतरले, तर काही तर्कदृष्ट्या निर्दोष वाटूनही उतरले नाहीत. प्रस्तुत लेखात या उपचारांचे स्वरूप स्पष्ट करून कोणत्या रुग्णास, कोणत्या वेळी त्यांचा लाभ होतो याचा आढावा घेण्यात आला आहे.

बीजसंज्ञा : पक्षाघात, कॅरोटिड धमनी, स्टेंट, गुठळी निष्कासन, नियंत्रित चाचणी.

१. प्रस्तावना :
अर्धांगवायू, लकवा किंवा पक्षाघात या नावांनी ओळखला जाणारा विकार एकेकाळी केवळ दैवाधीन मानला जात असे. रुग्ण अंथरुणास खिळला की शुश्रूषा व मालिश यापलीकडे उपाय नाही, अशी समजूत समाजात दीर्घकाळ रूढ होती. आज ही स्थिती राहिलेली नाही. बंद पडलेल्या धमनीतील गुठळी प्रत्यक्ष बाहेर काढता येते, मानेतील अरुंद झालेली धमनी स्वच्छ करता येते आणि फुटलेला धमनीचा फुगा आतून बंद करता येतो. मात्र एखादी क्रिया तांत्रिकदृष्ट्या शक्य झाली म्हणजे ती रुग्णाच्या हिताची ठरतेच असे नाही. पक्षाघाताच्या उपचारांचा इतिहास या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे.

२. पक्षाघाताचे प्रकार व उपचारांची पार्श्वभूमी :
पक्षाघाताचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात मेंदूकडे जाणारी धमनी गुठळीमुळे बंद होते. बहुसंख्य रुग्ण या प्रकारात मोडतात. दुसऱ्या प्रकारात धमनी फुटून मेंदूत किंवा मेंदूभोवतीच्या आवरणाखाली रक्तस्राव होतो. दोहोंची बाह्य लक्षणे सारखी असू शकतात. एकावरील औषध दुसऱ्यात घातक ठरू शकत असल्याने सी. टी. स्कॅन अथवा एम. आर. आय. केल्याशिवाय उपचाराची दिशा ठरविता येत नाही.

मेंदूच्या धमन्या जिवंत व्यक्तीत पाहण्याची सोय प्रथम १९२७ मध्ये लिस्बन येथे एगास मोनिझ यांनी अँजिओग्राफीद्वारे उपलब्ध करून दिली. १९५३ हे वर्ष या विषयात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. स्वीडनमधील सेल्डिंगर यांनी सुई, तार व नळी यांच्या साहाय्याने, धमनी चिरून उघडी न करता तीत कॅथेटर सरकविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आणि त्याच वर्षी अमेरिकेतील ह्यूस्टन येथे मायकेल डिबेकी यांनी मानेतील कॅरोटिड धमनी उघडून आतील थर काढण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली. पुढील काळातील कॅथेटर उपचार व शस्त्रक्रिया या दोन्ही प्रवाहांचा उगम येथे दिसतो.

३. मानेतील धमनीवरील प्रतिबंधक उपचार :
मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे जाणाऱ्या कॅरोटिड धमन्यांना जेथे फाटा फुटतो, तेथे वयोमानाने मेदयुक्त थर साचतो. या थरावरून सुटलेला कण मेंदूतील धमनीत अडकल्यास पक्षाघात होतो. कॅरोटिड एंडार्टरेक्टॉमी या शस्त्रक्रियेत मानेवर छेद घेऊन धमनी तात्पुरती चिमट्याने बंद केली जाते, ती उभी उघडून आतील थर सोलून काढला जातो व धमनी पुन्हा शिवली जाते.

ही शस्त्रक्रिया अनेक वर्षे प्रचारात होती, तरी तिच्या उपयुक्ततेचा निर्णायक पुरावा १९९१ मध्ये उपलब्ध झाला. उत्तर अमेरिकेतील नॅसेट या चाचणीत, ज्यांना अलीकडे सौम्य अथवा क्षणिक पक्षाघात झाला होता व ज्यांची धमनी ७० ते ९९ टक्के अरुंद होती, अशा रुग्णांची दोन गटांत यादृच्छिक विभागणी करण्यात आली. दोन वर्षांत त्याच बाजूच्या पक्षाघाताचे प्रमाण केवळ औषधे घेणाऱ्यांत २६ टक्के, तर शस्त्रक्रिया झालेल्यांत ९ टक्के आढळले. पुढील विश्लेषणांतून असेही दिसले की, लक्षणे उद्भवल्यापासून दोन आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया केल्यास लाभ सर्वाधिक होतो. म्हणून काही मिनिटांत आपोआप बरी झालेली हाताची दुर्बलता किंवा अडखळलेली वाचा ही दुर्लक्ष करण्याजोगी बाब नसून तो पूर्वसूचनेचा संकेत होय.

या शस्त्रक्रियेतच पक्षाघाताचा धोका अंतर्भूत असतो, ही गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. त्यामुळे शस्त्रक्रियेतील पक्षाघात वा मृत्यूचे प्रमाण लक्षणे असलेल्या रुग्णांत ६ टक्क्यांपेक्षा व लक्षणे नसलेल्यांत ३ टक्क्यांपेक्षा कमी असावे, असा दंडक सर्वमान्य झाला. लक्षणे नसलेल्या रुग्णांत मुळात लाभाची मर्यादा अरुंद असते. १९९५ च्या अकास चाचणीत पाच वर्षांतील धोका ११ टक्क्यांवरून सुमारे ५ टक्क्यांवर आला. त्यानंतर स्टॅटिन व रक्तदाबावरील औषधांत मोठी सुधारणा झाल्याने हा प्रश्न पुन्हा तपासणे भाग पडले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रेस्ट-२ चाचणीत प्रभावी औषधोपचारास स्टेंटची जोड दिल्यास धोका घटल्याचे आढळले. शस्त्रक्रियेच्या जोडीने झालेली घट मात्र संख्याशास्त्रीय कसोटीवर सिद्ध झाली नाही.

स्टेंट पद्धतीत जांघेतील धमनीतून कॅथेटर मानेपर्यंत नेऊन अरुंद भागात धातूची जाळीदार नळी बसविली जाते. २०१० मधील क्रेस्ट चाचणीत २५०२ रुग्णांची तुलना करण्यात आली. उपचाराच्या सुमारास पक्षाघाताचे प्रमाण स्टेंट गटात ४.१ टक्के व शस्त्रक्रिया गटात २.३ टक्के होते, तर हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण अनुक्रमे १.१ व २.३ टक्के होते. सुमारे सत्तरीपुढील रुग्णांत शस्त्रक्रिया सरस ठरली. अर्थात दोन पद्धतींतील निवड रुग्णाचे वय, हृदयाची स्थिती व धमनीची रचना पाहूनच करावी लागते.

४. कवटीतील धमन्या : तर्क आणि प्रचिती :
मानेतील अडथळा दूर केल्याने लाभ होतो, तर कवटीतील अडथळ्यास वळसा दिल्याने किंवा तेथे स्टेंट बसविल्यानेही लाभ व्हावा, हा तर्क स्वाभाविक होता. १९६७ मध्ये झ्युरिक येथे यासरगिल यांनी टाळूवरील धमनी मेंदूच्या धमनीस जोडण्याची नाजूक शस्त्रक्रिया केली आणि ती जगभर लोकप्रिय झाली. परंतु १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १३७७ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत या शस्त्रक्रियेने पक्षाघात टळत नाही, असे निष्पन्न झाले. जोडलेल्या धमन्या बहुतेकांत उत्तम वाहत होत्या; तरीही रुग्णांना लाभ झाला नाही. आज मोयामोयासारख्या निवडक विकारांतच तिचा अवलंब होतो.

हाच अनुभव २०११ मध्ये सॅम्प्रिस चाचणीत आला. कवटीतील अरुंद धमनीत स्टेंट बसविलेल्या रुग्णांत तीस दिवसांत पक्षाघात वा मृत्यूचे प्रमाण १४.७ टक्के, तर केवळ कसोशीने औषधोपचार केलेल्यांत ५.८ टक्के होते. चाचणीतील नवी नोंदणी मध्येच थांबवावी लागली. धमनी छायाचित्रात मोकळी दिसणे आणि रुग्ण बरा होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते.

५. गुठळी निष्कासन :
धमनी बंद पडल्यावर तिच्या क्षेत्राच्या मध्यभागातील पेशी लवकर मरतात. सभोवतालच्या पेशी मात्र शेजारच्या धमन्यांतून मिळणाऱ्या तुटपुंज्या रक्तावर काही काळ तग धरतात. उपचाराचे सारे लक्ष्य हा तग धरलेला भाग असतो. मोठी धमनी बंद पडल्यास दर मिनिटास सरासरी १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा हिशेब जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला. शिरेतून देण्याचे गुठळी विरघळविणारे औषध १९९५ च्या चाचणीनंतर रूढ झाले व २००८ मध्ये त्याची कालमर्यादा साडेचार तासांपर्यंत वाढली. तथापि मोठ्या धमनीतील लांब गुठळी या औषधाने अनेकदा विरघळत नाही.

गुठळी निष्कासनात जांघेतील अथवा मनगटातील धमनीतून कॅथेटर मानेपर्यंत व त्यातून अतिसूक्ष्म कॅथेटर गुठळीच्या पलीकडे नेला जातो. त्यातून उघडणारी जाळी गुठळीत रुतते आणि काही मिनिटांनी ती गुठळीसह मागे ओढली जाते. कधी केवळ शोषणानेच गुठळी बाहेर काढतात.

२०१३ मध्ये कॅथेटर उपचारांच्या तीन चाचण्या एकाच वेळी प्रसिद्ध झाल्या आणि तिन्हींत लाभ दिसला नाही. पद्धत बाद झाली असे अनेकांस वाटले. परंतु बारकाईने पाहता उपकरणे बहुतांशी जुन्या पिढीची होती, काही रुग्णांत मोठी धमनी बंद असल्याची खातरजमाच झाली नव्हती आणि उपचारास विलंब झाला होता. या त्रुटी टाळून नेदरलँड्समध्ये घेण्यात आलेल्या ५०० रुग्णांच्या मिस्टर क्लीन चाचणीत स्वावलंबी झालेल्यांचे प्रमाण १९.१ टक्क्यांवरून ३२.६ टक्क्यांवर गेले. २०१५ मध्ये आणखी चार चाचण्यांनी त्यास दुजोरा दिला. पाचही चाचण्यांतील १२८७ रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणात हे प्रमाण २६.५ विरुद्ध ४६ टक्के आढळले.

२०१८ मध्ये डॉन चाचणीने कालमर्यादेची कल्पनाच बदलली. लक्षणांपासून ६ ते २४ तास उलटलेल्या, परंतु स्कॅनमध्ये मेंदूचा बराच भाग अद्याप वाचविण्याजोगा दिसणाऱ्या रुग्णांत स्वावलंबनाचे प्रमाण १३ टक्क्यांवरून ४९ टक्क्यांवर गेले. झोपेतून उठताना पक्षाघात झाल्याचे लक्षात आलेल्या रुग्णांसाठी हा निष्कर्ष मोलाचा ठरला. याउलट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत मध्यम व लहान आकाराच्या धमन्यांतील गुठळ्या काढून लाभ होत नसल्याचे दिसले. अशा प्रकारे या उपचाराची सीमारेषा दोन्ही बाजूंनी अधिक सुस्पष्ट होत आहे.

६. जीवरक्षक शस्त्रक्रिया व परावलंबनाचा प्रश्न :
मेंदूचा मोठा भाग मृत झाल्यास त्यास सूज येते व बंदिस्त कवटीत उर्वरित मेंदू चेपला जातो. अशा वेळी कवटीचा मोठा तुकडा काढून सुजेस वाट करून दिली जाते. २००७ मधील तीन युरोपीय चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणानुसार, साठ वर्षांपर्यंतच्या रुग्णांत ४८ तासांत ही शस्त्रक्रिया केल्यास वर्षभरानंतर जिवंत राहिलेल्यांचे प्रमाण २९ टक्क्यांवरून ७८ टक्क्यांवर गेले. मात्र वाचलेल्यांपैकी अनेकांस चालण्यास व दैनंदिन कामांस इतरांची मदत घ्यावी लागली. २०१४ मध्ये साठीपुढील रुग्णांवरील चाचणीतही अधिक रुग्ण वाचले, परंतु कोणीही पूर्णतः स्वावलंबी होऊ शकले नाही. येथे आकडे पुरेसे पडत नाहीत. रुग्णास कोणते जीवन स्वीकारार्ह वाटले असते, हे कुटुंबीयांस मोकळेपणाने विचारणे हाही उपचाराचा भाग ठरतो.

७. रक्तस्रावी पक्षाघात व हृदयजन्य गुठळ्या :
धमनीच्या भिंतीवर आलेला फुगा फुटल्यास तो पुन्हा फुटण्याचा धोका असतो. कवटी उघडून त्याच्या मुळाशी चिमटा बसविण्याची शस्त्रक्रिया १९३७ मध्ये वॉल्टर डँडी यांनी केली. कॅथेटरद्वारे फुग्यात प्लॅटिनमची वेटोळी भरण्याची पद्धत १९९१ मध्ये गुग्लिएल्मी यांनी प्रसिद्ध केली. २००२ मध्ये २१४३ रुग्णांच्या आयसॅट चाचणीत वर्षअखेर मृत वा परावलंबी रुग्णांचे प्रमाण वेटोळे पद्धतीत २३.७ टक्के व चिमटा पद्धतीत ३०.६ टक्के आढळले. दोन्ही पद्धतींनी उपचार शक्य असलेल्या रुग्णांपुरताच हा निष्कर्ष लागू आहे.

अनेक गुठळ्यांचा उगम हृदयात असतो. अनियमित स्पंदनांच्या रुग्णांत डाव्या अलिंदाच्या पिशवीसारख्या भागात गुठळी तयार होते. अन्य कारणाने हृदयशस्त्रक्रिया करतानाच हा भाग बंद केल्यास पक्षाघाताचे प्रमाण ७ टक्क्यांवरून ४.८ टक्क्यांवर येते, असे २०२१ मधील चाचणीत दिसले. अलिंदांमधील पडद्यातील जन्मजात छिद्र कॅथेटरने बंद करण्याचा लाभ पहिल्या चाचण्यांत सिद्ध झाला नव्हता. अन्य कारण न सापडलेल्या, साठीच्या आतील निवडक रुग्णांत तो २०१७ मध्ये स्पष्ट झाला.

८. समारोप :
उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, शस्त्रक्रिया व कॅथेटर उपचारांचे यश कौशल्याइतकेच रुग्णाच्या अचूक निवडीवर व वेळेवर अवलंबून असते. दुसरा, आकर्षक तर्कास नियंत्रित चाचणीचा पर्याय होऊ देता कामा नये. तसेच एका प्रतिकूल चाचणीवरून, तिची रचना न तपासता, पद्धत कायमची त्याज्य ठरविणेही योग्य नव्हे. कोणत्याही ज्ञानशाखेत संशोधन करणाऱ्यास हे दोन्ही धडे उपयुक्त आहेत. तिसरा, यांतील कोणताही उपचार रक्तदाब व मधुमेहाचे नियंत्रण आणि तंबाखूचा त्याग यांची जागा घेऊ शकत नाही.

शेवटी, अत्यंत प्रगत उपचारदेखील रुग्ण योग्य ठिकाणी वेळेवर पोहोचला तरच उपयोगी पडतो. चेहरा एका बाजूस वाकडा होणे, एक हात लुळा पडणे व बोलणे अडखळणे ही तीन लक्षणे ओळखण्यास वैद्यकीय शिक्षणाची आवश्यकता नाही. त्यांपैकी एक जरी अचानक दिसले तरी घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि लक्षणे नेमकी केव्हा सुरू झाली ती वेळ लिहून ठेवावी. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे व महाविद्यालयीन विस्तारकार्य यांतून ही माहिती गावोगाव पोहोचविल्यास, रुग्णालयातील कॅथेटर हाती घेण्यापूर्वीच उपचाराचा प्रारंभ झालेला असेल.