स्प्लायसिंगमधील बिघाड आणि सिकलसेल तपासणी : नंदुरबारच्या संदर्भात

नंदुरबार जिल्ह्यातील महाविद्यालयांत सिकलसेल हा शब्द नव्याने शिकवावा लागत नाही. भिल्ल, पावरा समाजांतील अनेक विद्यार्थ्यांना तो घरातूनच परिचित असतो. बीटा-ग्लोबिन जनुकातील एक अक्षर बदलते, प्रथिनात सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, हे ते पाठ सांगतात. मात्र त्यातून प्रत्येक जनुकीय दोष म्हणजे प्रथिनातील चुकीचे अमिनो आम्ल, असा समज दृढ होतो. तो दूर करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जनुकाची आरएनए-प्रत तयार झाल्यावर तिच्यातील इंट्रॉन कापून टाकले जातात व एक्झॉन परस्परांस जोडले जातात. १९७७ मध्ये उजेडात आलेल्या या क्रियेस स्प्लायसिंग म्हणतात. कोठे कापावयाचे हे आरएनएवरील खुणा आणि त्या ओळखण्यास साहाय्य करणारी प्रथिने, म्हणजे स्प्लायसिंग घटक, मिळून ठरवितात. असा एक घटकच नसेल तर काय होते, हे उंदरांत दिसले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात यकृतपेशींतील एसआरएसएफ-३ हा घटक काढून टाकला होता. त्या पेशी नीट परिपक्व झाल्या नाहीत. शर्करा व मेद यांचे चयापचय विस्कळीत झाले. एका घटकावर अनेक जनुकांचे संदेश विसंबून असतात.

याउलट खूण बिघडली, तर दोष त्या एका जनुकापुरता राहतो. बीटा-ग्लोबिनच्या पहिल्या इंट्रॉनमध्ये पाचव्या स्थानी ‘जी’ऐवजी ‘सी’ येणे, हे भारतातील बीटा-थॅलेसेमियाचे सर्वाधिक आढळणारे उत्परिवर्तन होय. इंट्रॉनमधील मजकूर प्रथिनात उतरतच नाही, मग अपाय कसा? येथे विद्यार्थी हमखास अडखळतात. वस्तुतः कापण्याची खूण दुबळी होते, जवळच्या भलत्याच जागी छेद बसतो आणि योग्य संदेश फारच थोडा तयार होतो. ग्लोबिन सदोष नसते, अपुरे असते.

हा भेद आपल्याकडे केवळ परीक्षेपुरता नाही. सोल्युबिलिटी चाचणी हिमोग्लोबिन-एस शोधते. थॅलेसेमिया-वाहकाच्या रक्तात ते नसल्याने चाचणी निगेटिव्ह येते. पती सिकलसेल-वाहक व पत्नी अशी ‘निगेटिव्ह’ असल्यास दोघे निर्धास्त होतात. परंतु दोन्ही दोष एकाच जनुकातील असल्याने, ती थॅलेसेमिया-वाहक असेल तर प्रत्येक गर्भारपणी अपत्यास सिकल-बीटा-थॅलेसेमिया होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून एक जोडीदार वाहक निघाल्यास दुसऱ्याची एचपीएलसी तपासणी आवश्यक ठरते. तीत थॅलेसेमिया-वाहकाचे हिमोग्लोबिन-ए२ बहुधा ३.५ टक्क्यांहून अधिक दिसते. लोहाची कमतरता असल्यास मात्र ते प्रमाण कमी भरू शकते, हेही अहवाल वाचताना ध्यानात घ्यावे लागते.