गाडी बुटकी करायची?

आज एक मोजपट्टी घ्या आणि घरच्या नाहीतर शेजारच्या मोटारीपाशी जा. (मालकाला विचारून बरं का, आणि गाडी बंद असताना!) मागच्या चाकाच्या मधोमधपासून त्याच्या वरच्या पत्र्याच्या कमानीपर्यंतचं अंतर मोजा. लिहून ठेवा. आता मागच्या सीटवर तीन मोठी माणसं बसवा आणि पुन्हा मोजा. अंतर दोन-तीन बोटं कमी झालेलं दिसेल. माणसं उतरली की गाडी पुन्हा पहिल्या जागी! चाकाजवळ लपलेल्या स्प्रिंगा तुमच्या देखत दबल्या आणि उठल्या.

ती दोन-तीन बोटं लक्षात ठेवा. आपल्या गोष्टीत ती फार महत्त्वाची आहेत.

गोष्ट १९९६ सालची, यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याची. माझ्या काकांनी जुनी मारुती ८०० घेतली होती. ही छोटी गाडी १९८३ ते २०१४ अशी तीस वर्षं बनत होती, म्हणजे तुमच्या आईबाबांनी तरी नक्कीच पाहिली असेल. माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, तेव्हा एकोणीस वर्षांचा. त्याने कुठल्याशा मासिकात शर्यतीच्या गाडीचा फोटो पाहिला. जमिनीला चिकटलेली, चाकं अर्धी पत्र्याआड गेलेली. झालं! आपली गाडीही तशीच हवी, हे त्याच्या डोक्यात बसलं. काका आठ दिवसांसाठी बाहेरगावी गेले आणि दादाने गाडी एका मिस्त्रीकडे नेली.

मिस्त्री डोकं खाजवत म्हणाला, "स्प्रिंगचा एकेक वेढा काटून देतो ना भाऊ. पण मंग मले काही म्हणू नोका."

आता एक वेढा कापल्याने होतं काय? जुन्या बॉलपेनातली स्प्रिंग काढा आणि चिमटीत दाबून पाहा. मग ती मधोमध कापा आणि अर्धा तुकडा दाबा. बोटाला लगेच कळेल, अर्धी स्प्रिंग दुप्पट ताठ लागते. म्हणजे वेढे कमी केले की स्प्रिंग नुसती आखूड होत नाही, कडकही होते. आठ वेढ्यांतला एक गेला की कडकपणा एक सप्तमांशाने, साधारण १४ टक्क्यांनी, वाढतो. तारेच्या जाडीचा हिशेब याहून गमतीचा आहे. तार १० मिलिमीटरऐवजी ११ मिलिमीटरची घेतली, तर स्प्रिंग जवळजवळ ४६ टक्के कडक होते! कारण इथे जाडीला जाडीनेच गुणायचं, आणि तेही चार वेळा जाडी घेऊन. करून पाहा, १.१ गुणिले १.१ गुणिले १.१ गुणिले १.१.

स्प्रिंगचा मूळ नियम रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने शोधला. पण पठ्ठ्या मोठा सावध. दुसऱ्या कुणी चोरू नये म्हणून १६७६ मध्ये त्याने तो चक्क कोड्यात छापला. लॅटिन वाक्यातली सगळी अक्षरं सुटी करून वर्णक्रमाने मांडून ठेवली! दोन वर्षांनी, १६७८ मध्ये, त्यानेच उलगडा केला. जेवढा ताण, तेवढं बळ. वजन दुप्पट ठेवलं तर स्प्रिंग दुप्पट दबते, एवढं साधं.

बरं, गाडी खाली आणायची खटपट लोक मुळात करतात कशाला? फक्त दिसायला म्हणून नाही. यवतमाळकडच्या मुलांनी याचं कारण रस्त्यावर उभं राहून पाहिलेलं असतं. जिनिंगकडे जाणारा कापसाचा ट्रक वळणावर कसा झुकतो! वजन जितकं उंचावर, तितका झोक जास्त. शर्यतीची गाडी खुजी असते ती यासाठीच. वळणावर ती कमी कलते आणि चारही चाकं रस्ता धरून राहतात. पण घरच्या गाडीचं वजन जमिनीपासून साधारण अर्ध्या मीटरवर एकवटलेलं असतं. ती तीन सेंटीमीटर खाली आणली तर वळणावर एका बाजूच्या चाकांवर सरकणारा भार फार तर पाच-सहा टक्क्यांनी कमी होईल. बाजारात भाजी आणायला जाताना हा फरक कुणाला कळणार, हे मला अजून कोडंच आहे.

दादाला मात्र कळला म्हणे. पहिल्याच दिवशी तो एकटा रस्त्याने फिरून आला आणि म्हणाला, "काय पकडते रे वळण!" गाडी दिसतही होती झोकात, खोटं कशाला बोलू. आम्ही सगळी पोरं भोवती उभी राहून बघत होतो.

आता हिशेब मांडू या. समजा, रिकाम्या गाडीत मागच्या चाकाला वर उचलायला आठ सेंटीमीटर जागा आहे. खड्डा किंवा उंचवटा आला की चाक या जागेत वर जातं आणि माणसं शांत बसून राहतात. वेढा कापून गाडी तीन सेंटीमीटर खाली आणली. उरले पाच. आता मागे तिघं बसले. स्प्रिंग कडक झाली म्हणून चारऐवजी साडेतीन सेंटीमीटरच दबली असं धरू. उरलं किती? दीड सेंटीमीटर! चाक तेवढं उचललं की जागा खलास, आणि रबराच्या गुटक्यावर धाड! गुटक्याचा दणका थेट सीटला, सीटचा पाठीच्या कण्याला.

पोटाखालचीही तीच कथा. अशा छोट्या गाडीच्या पोटाखाली सुमारे १७ सेंटीमीटर मोकळी जागा असते. तीन वेढ्याने खाल्ले, साडेतीन माणसांनी. मागच्या बाजूला उरले साडेदहा. आणि रस्ते बांधणाऱ्यांच्या १९८८ च्या नियमपुस्तकात गोल गतिरोधकाची उंची दिली आहे १० सेंटीमीटर, रुंदी ३.७ मीटर. एवढा रुंद असला तर चाकंही त्यावर चढतात आणि पोट वाचतं. पण गावोगावी रातोरात घातलेले ते अरुंद, उंच उंचवटे? ते बरोबर पोटाखाली येतात.

त्यातून आपल्याकडची काळी जमीन. कापसाला सोन्यासारखी, रस्त्याला मात्र वैरीण! पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरचं डांबर बिचारं तिच्याबरोबर वर-खाली होतं, म्हणून चांगला दिसणारा रस्ताही लाटांसारखा लागतो. तिकडे वणीच्या बाजूला कोळशाचे ट्रक. जुन्या लोकांनी बैलबंडीला उगीच उंच चाकं लावली नव्हती. बंडीला स्प्रिंग नाही, पण चिखलात तिचा आस अडकत नाही. पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यात गेलात, तर तिथल्या जिप्सी गाड्यांचं पोट जमिनीपासून किती उंच आहे तेही वाकून पाहा.

दादाच्या गाडीत आणखी एक घोळ होता, तो नंतर समजला. स्प्रिंगचा शेवटचा वेढा चपटा असतो, कारण तो खालच्या वाटीत नीट बसायचा असतो. कापला गेला नेमका तोच! राहिलेलं टोक वाटीत तिरकं बसलं. चाक खड्ड्यात लोंबकळलं की आखूड स्प्रिंग सैल व्हायची आणि खडखड वाजायची. शॉकअप तर जुनेच. स्प्रिंग उड्या मारते आणि शॉकअपमधलं तेल बारीक छिद्रांतून जाताना त्या उड्या जिरवतं. स्प्रिंग कडक झाली की शॉकअपही तसाच दमदार लागतो, नाहीतर गाडी बेडकासारखी उडत राहते. गाडी खाली आणण्यासाठी नीट बनवलेल्या स्प्रिंगा मिळतात. त्यांची तार जाड असते, टोकं वाटीत बसतील अशी वळवलेली असतात आणि शॉकअपही त्यांना जुळणारे घेतात. काही जण तर गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग लाल करून बसवतात. ते सगळ्यात वाईट. पोलादाचा लवचिकपणा तापवून-थंडावून मोठ्या हिशेबाने आणलेला असतो, तो मिनिटात निघून जातो.

काका परतण्याच्या आदल्या दिवशी पुसदला साखरपुडा होता. गाडीत दादा, काकू, दोघी बहिणी आणि मागे मधोमध आजी. डिकीत तांदळाची गोणी. रस्त्यात दोनदा पोट घासलं, सगळे हसले. तिसऱ्यांदा एक न दिसलेला उंचवटा आला. गाडी उचलली आणि आपटली. आजी फक्त "अगं आई" म्हणाली आणि गप्प झाली. पुसदला उतरताना तिला उभंच राहता येईना.

फोटोत मणक्याला चीर दिसली. म्हातारपणी हाडं ठिसूळ होतात, त्यांना एक दणका पुरतो. आजी तीन महिने अंथरुणावर होती.

वाटेल की म्हातारं माणूस, म्हणून झालं. पण जून २०२२ मध्ये अझरबैजानमधल्या बाकू शहरात फॉर्म्युला वनची शर्यत झाली. त्या वर्षी गाड्या इतक्या खाली आणि इतक्या कडक होत्या की वेगात त्या टणाटण उडत. सात वेळा जगज्जेता ठरलेला लुईस हॅमिल्टन शर्यत संपल्यावर पाठ धरून कसाबसा गाडीबाहेर आला. तेही गुळगुळीत रस्त्यावर, आणि गाडीत तो एकटा!

कायद्याचंही ऐकून ठेवा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं, की नोंदणीपुस्तकात लिहिलेला कंपनीचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार मालकाने गाडीत करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे बजावलं. तेव्हा गाडीत काहीही बदलायचं मनात आलं, तर आधी आरटीओ कार्यालयात विचारायला मोठ्यांना सांगा.

काकांनी आल्या आल्या नव्या स्प्रिंगा बसवल्या. दादाला ते एक शब्द बोलले नाहीत, आणि त्याला तेच जास्त लागलं असावं. तीन महिने आजीचं पाणी, औषध, रात्रीचं उठणं-बसणं सगळं त्यानेच केलं. मिस्त्रीने कापलेले वेढे पिशवीत घालून दिले होते. ते फेकायला निघाला तेव्हा आजीने अंथरुणावरूनच हाक मारली, "कायले फेकतं रे? आण इकडे."

त्यातला एक चपटा वेढा अजून दारव्ह्याच्या स्वयंपाकघरात आहे. आजी गेली, दादाचे केस पिकले. पण दह्याचं गाडगं अजूनही त्याच चुंबळीवर ठेवतात.