अडीचची वायर आणि फुगणारी होडी

ऑक्टोबर ते मे या हंगामात मुंबईत गेटवेसमोर शिडाच्या बोटी बोयाला बांधलेल्या दिसतात. काठावरून त्यांच्यापर्यंत न्यायला लागते ती छोटी होडी, म्हणजे डिंगी. लांबच्या सफरीवर निघालेले लोक रबरी डिंगी हवा काढून, घडी घालून बरोबर नेतात आणि नांगर टाकला की पुन्हा फुगवतात.

फुगवायची म्हणजे किती हवा? पावणेतीन मीटरच्या डिंगीची नळी साधारण ४० सेंटिमीटर जाड असते. घोड्याच्या नालेसारख्या वळलेल्या या नळीची एकूण लांबी ७ मीटर धरली, तर आतली जागा भरते पावणेनऊशे लिटर. त्यात २५० मिलिबार दाब हवा, म्हणजे ११०० लिटर हवा कोंबायची. ५ लिटरच्या पायपंपाने हे सव्वादोनशे पावलांचं काम आहे, तेही हलत्या डेकवर, मे महिन्याच्या उन्हात. त्यामुळे माणूस विजेचा पंप घेतो. पंप १२ व्होल्टचा, बोटीची बॅटरीही १२ व्होल्टची. जमलं की!

जमत नाही. दणकट पंप भरात असताना २० अँपिअरच्या आसपास करंट ओढतो, आणि बोटीतल्या लायटर सॉकेटचा फ्यूज असतो १० किंवा १५ चा. गंमत अशी की सुरुवातीला तो उडत नाही. होडी रिकामी असते, पंपाला जोर लावावा लागत नाही. दाब चढू लागला की करंटही चढतो, आणि होडी जवळजवळ फुगलेली असताना फट्‌ करून सगळं बंद. मग कुणीतरी शहाणा फ्यूजच मोठा घालतो. एका मित्राच्या बोटीवर तो शहाणा मीच होतो. १५ चा काढून २५ चा बसवला. डिंगी फुगली आणि तिच्याबरोबर सॉकेटचं प्लास्टिकही फुगलं. फ्यूज पंपाला जपण्यासाठी नसतो, वायरीला जपण्यासाठी असतो, हे मला त्या वासाने शिकवलं. लायटर सॉकेटचा जन्मच सिगारेट पेटवण्यासाठी, काही सेकंदांच्या कामाचा. स्प्रिंगने टेकलेल्या त्या टिकलीतून दहा मिनिटं २० अँपिअर नेणं म्हणजे छळच.

बॅटरीला मात्र दोष देऊ नका. २० अँपिअर दहा मिनिटं म्हणजे जेमतेम साडेतीन अँपिअर-तास; १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीला ते जाणवतही नाही. खरी गळती वाटेत आहे. ३५ फुटी बोटीत बॅटऱ्या मागे, इंजिनाजवळ असतात आणि डिंगी फुगवायला मोकळी जागा पुढे, नाळेकडे. वायर ९ मीटर जाते आणि ९ मीटर परत येते. घरात प्लगसाठी वापरतो ती अडीचची, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीची वायर या १८ मीटरला टाकली, तर २० अँपिअरला जवळपास अडीच व्होल्ट वाटेतच संपतात. साडेबारातून अडीच गेले, पंपाच्या हाती आले दहा. पंप रेंगाळतो, तापतो, आणि वरचा शेवटचा दाब चढवताना त्याचा दम तुटतो. लाइनच्या शेवटच्या खांबावर ज्याची मोटर आहे त्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

तीच वायर सोळाची टाकली की तोटा ०.४ व्होल्टवर येतो. तांबं महाग आहे, पण पंप बदलत बसण्यापेक्षा स्वस्तच.

इन्व्हर्टर लावून २३० व्होल्टचा पंप चालवण्याची युक्तीही काही जण सांगतात. तर्क चुकीचा नाही: व्होल्टेज चढवलं की करंट एका अँपिअरच्या घरात येतो आणि बारीक वायर पुरते, म्हणून तर वीज गावोगाव उच्च दाबाच्या तारांनी जाते. पण खाऱ्या पाण्याने ओल्या झालेल्या डेकवर, अनवाणी उभं राहून २३० व्होल्ट हाताळायला मी तरी तयार नाही. पंपाबरोबर आलेले चिमटे थेट बॅटरीला लावणंही मला पटत नाही. लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो आणि चिमटा टेकवताना ठिणगी उडते.

वारंवार फुगवायचं असेल तर पुढे एक स्वतंत्र लाइन ओढून घ्या. टिन केलेली तांब्याची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत ३० चा फ्यूज आणि टोकाला ५० अँपिअरचा अँडरसन कनेक्टर, बस. नांगर ओढणाऱ्या विजेच्या विंचसाठी पुढे वेगळी बॅटरी असेल, तर तिथूनच फ्यूज घालून घ्या. वायर दोन हातांची होते. वर्षातून चारदाच फुगवणार असाल, तर १८ अँपिअर-तासांची एक सुटी बॅटरी डेकवर उचलून आणा, बोटीच्या वायरिंगला हातच लावू नका. आणि नांगर टाकल्यावर लगेच इंजिन बंद करू नका. अल्टरनेटर चालू असतो तेव्हा बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास मिळतात, तेवढ्यात होडी फुगवून घ्या.

एक सांगायचं राहिलं. सकाळी २५ अंशांना २५० मिलिबार भरलेली होडी दुपारी डेकवर ४५ अंशांपर्यंत तापली, तर आतला दाब ३३० मिलिबारच्या वर जातो. थोडी हवा सोडा.

आणि पंप मरगळलेला वाटला, तर नवा घेण्याआधी तो चालू असताना त्याच्या टोकाशी मल्टीमीटर लावा. आकडा अकराच्या खाली असेल, तर आधी वायर बदला.