स्पिरिट सरोवर मासेमारीस खुले करावे काय?

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सेंट हेलेन्स नावाचा ज्वालामुखी पर्वत आहे. दि. १८ मे १९८० रोजी त्याचा उद्रेक झाला आणि पर्वताची उत्तर बाजू ढासळून पायथ्याच्या स्पिरिट सरोवरात कोसळली. पाण्याची पातळी सुमारे ६० मीटरने चढली, मासे नष्ट झाले आणि वाहून आलेला लाकूडफाटा कुजून पाण्यातील प्राणवायूही संपला.

काही वर्षांत पाणी निवळले. उथळ काठाशी पाणवनस्पती रुजल्या, कीटक वाढले. १९९३ साली तेथे ट्राउट मासे आढळले. ते कोणी तरी गुपचूप आणून सोडले असावेत, असा तज्ज्ञांचा तर्क आहे. खाद्य मुबलक व खाणारे थोडे, त्यामुळे ते चांगलेच पोसले. साहजिकच गळ टाकणाऱ्या हौशी लोकांनी परवानगी मागितली.

परंतु उजाड झालेला प्रदेश आपोआप कसा सावरतो हे पाहता यावे, म्हणून तो १९८२ सालीच राष्ट्रीय स्मारक म्हणून राखून ठेवलेला होता. मासे मुळात माणसानेच आणले, मग ते धरल्याने बिघडते काय, असे मागणी करणारे विचारतात. हा मुद्दा पोकळ नव्हे. तथापि होड्या व आमिष यांबरोबर परके जीव येतात. मग निसर्गाने केलेला बदल कोणता व आपण केलेला कोणता, हे ओळखता येत नाही. शिवाय त्याच दरडीने बांध पडून झालेल्या जवळच्या कोल्डवॉटर सरोवरात मासेमारीस मुभा आहे. तेव्हा एक सरोवर गळासाठी व एक अभ्यासासाठी, ही वाटणी आम्हांस रास्त वाटते. स्पिरिट सरोवरातील माशांची संख्या वाढली तसा त्यांचा आकार घटत गेला; ही नोंद मिळाली, ती तेथे गळ पडले नाहीत म्हणूनच.