चौकट : हलकी फुल-सस्पेन्शन माउंटन बाईक कशी जोखावी

फुल सस्पेन्शन : पुढे सस्पेन्शन फोर्क, मागे शॉक. फक्त पुढे फोर्क असेल तर ती हार्डटेल.

ट्रॅव्हल : धक्का बसल्यावर चाक जास्तीत जास्त जेवढे वर सरकते ते अंतर. क्रॉस-कंट्रीसाठी साधारण १०० ते १२० मिमी, ट्रेलसाठी १२० ते १५०, एन्ड्युरोसाठी त्याहून जास्त.

वजन : हलकी ट्रेल बाईक ११ ते १३ किलोंच्या आसपास. जाहिरातीतला आकडा बहुधा पेडल न धरता दिलेला असतो.

सॅग : चालक पाठपिशवीसह बसल्यावर शॉक जेवढा दबतो तेवढा भाग; मागे साधारण २५ ते ३० टक्के. शॉकच्या दांड्यावरची रबरी रिंग सीलला टेकवून हळूच बसायचे, न उसळता उतरायचे आणि रिंग किती सरकली ते मोजायचे. शॉकचा स्ट्रोक, म्हणजे दबण्याचे पूर्ण अंतर, ५० मिमी असेल तर १२.५ ते १५ मिमी. रिंग जास्त सरकली तर हवा भरायची, कमी सरकली तर सोडायची. दुकानातल्या दोन मिनिटांच्या फेरीत हेच नेमके राहून जाते.

चाके : २९ इंची रिमचा बीड-व्यास (टायरची कड बसते तिथला) ६२२ मिमी, २७.५ इंचीचा ५८४. टायर अदलाबदल करून बसत नाहीत.

जमीन : बदलापूरजवळचे कोंडेश्वर, अंबरनाथच्या बाजूचा मलंगगडाचा पायथा : सुटे बेसाल्टचे दगड, मुरूम, जून ते सप्टेंबर चिखल. टायर २.३ ते २.४ इंची, ट्यूबलेस. फ्रेम आणि टायरमध्ये चिखल निसटण्याइतकी फट हवी.

पिव्हट (मागच्या फ्रेमचे हलते सांधे) : सीट धरून मागचे चाक किंचित उचलावे. टकटक जाणवली तर बेअरिंग किंवा शॉकचे बुश झिजलेले असू शकतात.