काटा वजन सांगतो, चरबी कोण सांगणार?

अंगणवाडीच्या काट्यावर मूल बसवले की ताई आकडा वाचतात, वहीत लिहितात आणि आता मोबाईलमध्येही भरतात. आकडा कमी आला तर मूल कमी वजनाचे, ठीक आला तर आई निश्चिंत. वस्तीवस्तीत आम्ही हेच पाहत आलो. पण हा काटा हाड, मांस, पाणी आणि चरबी एकत्रच तोलतो. त्यात चरबी किती, हे त्याला सांगता येत नाही. हाडकुळे मूल म्हणजे चरबी नसलेले मूल, असे आपण धरून चालतो. ही समजूत खोटी ठरली, आणि तीही आपल्याच पुणे जिल्ह्यात.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर आया आणि त्यांची नवजात बाळे मोजली. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांशी केलेली तुलना २००३ साली प्रसिद्ध झाली. तिकडचे बाळ सरासरी साडेतीन किलोचे, आपले २.७ किलोचे. दंड बारीक, पोट लहान. मात्र खांद्याच्या पात्याखालची कातडी कॅलिपरच्या चिमटीत धरली, तेव्हा तिथली चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. म्हणजे उपासमारीचा घाव मांसावर पडला, चरबी शाबूत राहिली. दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार! असे मूल मोठे होते तेव्हा मधुमेह आणि हृदयरोग त्याला लवकर गाठतात. याच अभ्यासात हेही दिसले की ज्या आयांना गरोदरपणी कष्टाची कामे उपसावी लागली त्यांची बाळे लहान, आणि ज्यांच्या ताटात पालेभाजी, दूध, फळे होती त्यांची बाळे मोठी. हे ताट कोणाच्या घरी रिकामे असते, ते आमच्या वाचकांना सांगायला नको.

मोठ्या माणसांचीही हीच गत. डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले. उंचीच्या मानाने वजन दाखवणारा बीएमआय दोघांचाही २२.३. अंगातली चरबी मात्र एकाची ९.१ टक्के, दुसऱ्याची २१.२ टक्के. जास्त कोणाची? आपल्या पुणेकर डॉक्टरांची.

मग मुलांची चरबी मोजायची कशी? पाण्यात बुडवून वजन घेण्याची जुनी पद्धत आहे, पण लहान मूल श्वास सोडून पाण्याखाली बसेल काय? डेक्सा नावाचे क्ष-किरण यंत्र चांगले मोजते, पण ते मोठ्या रुग्णालयात. जड हायड्रोजनचे निरुपद्रवी पाणी पाजून नंतर लाळ तपासण्याची पद्धतही पक्की, मात्र त्यासाठी प्रयोगशाळा हवी. अंगातून अतिसौम्य वीज सोडून प्रतिकार मोजणारे यंत्र स्वस्त आणि सुटसुटीत आहे. पण ते चरबी मोजतच नाही, अंगातल्या पाण्याचा अंदाज घेऊन सूत्राने चरबी काढते. उन्हातून तहानलेले मूल आले की आकडा फिरला.

आणि ही सूत्रे आली कुठून? शरीराच्या मोजमापाशी आपला संबंध जुना आहे. रिस्लेसाहेबाने नाके मोजून जातींची उतरंड लावली. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये मोजमापाचेच आकडे पुढे ठेवून अस्पृश्य वेगळ्या वंशाचे असल्याचा दावा मोडून काढला. त्यामुळे कोणाचे शरीर मोजून हे सूत्र बनवले, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. कातडीच्या जाडीवरून मुलांची टक्केवारी काढणारे जगभर वापरले जाणारे एक सूत्र १९८८ चे, अमेरिकेतले. त्यात गोऱ्या आणि काळ्या मुलग्यांसाठी वेगवेगळे आकडे आहेत. खेड्यातल्या आपल्या पोराला कोणत्या रकान्यात बसवायचे?

आमचे मत असे की टक्केवारीचा हट्टच सोडावा. कॅलिपरने दंडामागची आणि पात्याखालची कातडी किती मिलिमीटर भरते तेवढे लिहावे. तीन महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी या दोन्ही मापांचे जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते २००७ पासून तयार आहेत. त्या तक्त्यांसाठी भारतातून मोजलेली मुले दक्षिण दिल्लीच्या सुखवस्तू घरांतली होती. त्यात आम्हाला खोट दिसत नाही. सगळे मिळाले तर मूल कसे वाढते, ते त्यातून कळते.

सरकारला हे ठाऊक नाही असेही नाही. २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात कॅलिपर वापरलाच होता. त्याच सर्वेक्षणात शाळकरी व किशोरवयीन मुलांपैकी दहातल्या एकाच्या रक्तात मधुमेहाची पूर्वलक्षणे आढळली. सर्वेक्षणाला जमले ते अंगणवाडीत का नाही?

अडचण आहे ती हाताची. चिमटी कुठे धरायची, किती दाबायची, हे शिकावे लागते. दोन हातांचे दोन आकडे येतात. म्हणून ताईंना रीतसर प्रशिक्षण द्या, आणि या जादा कामाचे पैसेही द्या. आधीच रजिस्टरे आणि मोबाईल यांत बुडालेल्या बाईच्या हातात फुकटात आणखी एक अवजार देऊ नका.