टेनारची सुटका, आणि त्यानंतरचं सगळं

जादूच्या कथांतल्या नायिकेची वाढ आपण सहसा तिच्या हाती येणाऱ्या शक्तीवरून मोजतो. आरंभी बुजरी असलेली मुलगी अखेरीस मंत्रसिद्ध होते आणि तिचा विकास झाला असं आपण म्हणतो. उर्सुला ले ग्विन यांच्या ‘अर्थसी’ मालिकेतली टेनार या मापात कुठेच बसत नाही. ती एकही मंत्र घालत नाही. लहानपणी तिच्याकडे सत्ता असते, ती हातची जाते. तरुणपणी विद्या शिकण्याची संधी चालून येते, ती स्वतःहून सोडते. तरीही फॅन्टसी वाङ्मयात एका स्त्रीच्या मनाची वाढ इतक्या चिकाटीने आणि इतक्या खरेपणाने क्वचितच कोणी लिहिली असेल. ही वाढ सुटकेने पूर्ण होत नाही, सुटकेपासून सुरू होते, असं माझं म्हणणं आहे. आणि तिचं बीज टेनारने केलेल्या एका भयंकर गोष्टीत आहे.

‘द टूम्स ऑफ आतुआन’ ही कादंबरी पुस्तकरूपाने 1971 मध्ये आली. थोरली पुजारीण ज्या रात्री मेली त्याच रात्री जन्मली, म्हणून टेनारला अगदी लहान वयात आईबापांकडून नेलं जातं. पुजारीण पुन्हा जन्माला आली, अशी तिथली श्रद्धा. मग विधी होतो, तिचं नाव काढून घेतात आणि तिला ‘अर्हा’ म्हणजे गिळलेली हे नाव मिळतं. वाळवंटातल्या त्या देवस्थानात पदाने तिच्यावर कोणीही नाही, पण तिचा सगळा दिवस दुसऱ्यांनी आखलेला. तरीही लेखिका तिला बिचारी करून ठेवत नाही, ही मोठी गोष्ट आहे. ही मुलगी गर्विष्ठ आहे, हट्टी आहे, आणि जमिनीखालच्या भुयारांची आपण मालकीण असल्याचा तिला मनापासून अभिमान आहे. चौदा-पंधरा वर्षांची असताना साखळदंडात जखडलेले तीन कैदी तिच्यापुढे आणले जातात. त्यांनी कसं मरावं हे तिने ठरवायचं असतं. अन्नपाण्यावाचून मरू द्या, असा हुकूम ती देते. त्यानंतर ती आजारी पडते आणि तिला स्वप्नं पडू लागतात. स्वप्नात ती अन्न शिजवते आणि जमिनीतल्या भोकात ओतत राहते. पाण्याने भरलेलं पितळी भांडं घेऊन अंधारातून कुणा तहानलेल्याकडे निघते आणि पोचतच नाही. जाग येते तेव्हा तिला स्वतःला तहान लागलेली असते, पण ती उठून पाणी पीत नाही.

या ओळींपाशी थांबायला हवं, कारण पुढचा सगळा बदल इथून निघतो. कैद्यांबद्दल दया वाटली, असं टेनार स्वतःशीही म्हणत नाही. तिला शिकवलेल्या भाषेत त्या भावनेला जागाच नाही. म्हणून ती भावना तहानेच्या रूपाने येते. पुढे गेड नावाचा जादूगार मोडक्या कड्याचा अर्धा तुकडा शोधत भुयारात शिरतो. जिथे उजेड निषिद्ध आहे तिथे तो उजेड करतो, आणि वर्षानुवर्षं केवळ हाताच्या स्पर्शाने ओळखलेली ती गुहा स्फटिकांनी मढलेली आहे हे टेनारला पहिल्यांदा दिसतं. ती लोखंडी दार लावून त्याला कोंडते. नियमाप्रमाणे तोही तहानेने मरायला हवा. पण या वेळी पाणी पोचतं, आणि ते तीच नेते. नंतर कोसिल ही दुसरी पुजारीण त्याच पवित्र अंधारात दिवा घेऊन उकरत बसलेली तिला दिसते. देव काहीच करत नाहीत. गेडचा प्रकाश पाहून तिला आश्चर्य वाटलं होतं. कोसिलच्या दिव्याने तिची श्रद्धाच ढासळते. मला हा दुसरा दिवा अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे तिला समजावणारं कोणी नाही. पाहिलं तिने आणि अर्थ लावला तोही तिनेच.

इथे पहिला आक्षेप येतो: अखेर पुरुषानेच तिला सोडवलं ना? तिचं खरं नावही तोच तिला परत देतो. या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धंच आहे. कोसळू पाहणारं भुयार गेड आपल्या बळाने थोपवून धरतो; त्या चक्रव्यूहातली वळणं मात्र टेनारला पाठ आहेत. ती नसती तर तो तिथेच मेला असता. शिवाय बाहेर पडल्यावर ती कृतज्ञतेने विरघळत नाही. समुद्रकाठी गेड विचारात बुडून बसलेला असताना ती चाकू घेऊन त्याच्यापुढे उभी राहते. ज्याने आयुष्याला अर्थ देणारं सगळं मोडलं त्याच्यावरचा हा राग आहे. तो ओसरला की ती वाया गेलेल्या वर्षांसाठी रडते आणि त्या तीन माणसांची आठवण काढून म्हणते, मला एखाद्या ओसाड बेटावर सोडून दे. वाचवली गेलेली राजकन्या असं बोलत नसते. आपल्यावर अन्याय झाला हे तिला कळतं, आणि आपणही अन्याय केला हेही कळतं. यातलं एक दुसऱ्याची सबब होत नाही.

दुसरा आक्षेप ‘तेहानू’वर आहे. 1990 मध्ये आलेल्या या कादंबरीत टेनार गोंत बेटावरची शेतकऱ्याची विधवा आहे, दोन मोठ्या मुलांची आई. ओजियनसारखा थोर गुरू शिकवायला तयार असताना तिने संसार निवडला, हे अनेकांना अधःपतन वाटतं. पण जिचा प्रत्येक श्वास जन्मापासून इतरांनी ठरवला, तिने सर्वसाधारण आयुष्य निवडणं हाच तिचा पहिला स्वतंत्र निर्णय होता. त्या आयुष्याची किंमतही लेखिका लपवत नाही. शेत मुलाच्या नावचं. तो परततो तेव्हा भांडी घासणं बायकांचं काम समजतो. अशा घरात टेनार एका जळालेल्या मुलीला वाढवते. थेरू नावाच्या त्या मुलीला तिच्याच माणसांनी छळून आगीत ढकललेलं असतं. थेरूला काय हवंय हे टेनारला उपदेशाविना कळतं, कारण लहान मुलाला मोठ्यांच्या हेतूसाठी वापरलं की काय उरतं हे तिने भोगलं आहे. रात्री माणसं घर फोडायला येतात तेव्हा ती सुरी घेऊन स्वतः दार उघडते. समुद्रकाठी हातात आलेला राग कुणावर रोखायचा, हे आता तिला नेमकं कळलेलं असतं.

स्त्रीवादी भूमिका घेतल्यानंतर ले ग्विन यांनी जुन्या पात्रावर नवे विचार लादले, असाही सूर ऐकू येतो. विचार बदलले होते. 1992 च्या ऑक्सफर्ड येथील व्याख्यानात त्यांनी ते उघडपणे मांडले. पण लादलेला विचार जुन्या पुस्तकाशी जुळत नाही, कुठेतरी सांधा दिसतो. इथे तो दिसत नाही. स्वप्नातलं पितळी भांडं, गेडला दिलेलं पाणी आणि थेरूच्या जखमा धुणारे हात हे एकाच स्त्रीचे आहेत. म्हणूनच केवळ ‘द टूम्स ऑफ आतुआन’ वाचून जे थांबले त्यांनी टेनारला अर्धंच ओळखलं, असं मी म्हणेन. ‘तेहानू’ लगेच हाती घ्यावी, मध्ये खंड पडू देऊ नये.